दुसरा ट्रॅक

पहिल्या ट्रॅकवर ताईचा आवाज असायला हवा होता. तिथं आप्पा बोलत होते.

"हां... बरं... आता खाली? गेलो खाली. अगं, जरा थांब की!"

ताईनं हेडफोन कानाशी दाबून धरला. आप्पा बोलत होते ते कुणाशी तरी, आणि खोलीत तर दुसरं कुणीच नव्हतं. फोन म्हणावा, तर फोनवरचे आप्पा गल्लीच्या टोकाला ऐकू जातात.

ताई, आप्पांची लेक, जन्मापासून आंधळी. न दिसणाऱ्यांना कॉम्प्युटर शिकवणं हे तिचं काम, त्यासाठी ती धडे रेकॉर्ड करून पाठवायची. धड्याला दोन आवाज लागतात. पडद्यावरचं वाचून सांगणारा कॉम्प्युटरचा आणि समजावून देणारा तिचा. दोन्ही एकाच वेळी घ्यायचे, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे एक दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. मग एकेक सुटा ऐकायचा, शेवटी दोन्ही मिळून. कॉम्प्युटरच्या त्या आवाजाचं आप्पांनी बारसं केलं होतं, वटवटबाई. "ही बोलते की भांडते?" असं दारातून विचारायचे.

चूक कुठं झाली, ते ताईच्या ध्यानात आलं. काल दुपारी बारावा धडा संपवून तिनं रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबलं, ते लागू झालं भलत्याच खिडकीत. हेडफोन आधीच उतरवलेला, त्यामुळे वटवटबाईनं काय सांगितलं ते कानावर आलंच नाही. ताई काठी घेऊन बाजारात गेली, बॅग आणायला. आप्पांनीच पिटाळलं होतं. माइक मात्र दोन तास घरात कान टवकारून बसला होता.

बॅग सोमवारसाठी होती. परगावच्या एका केंद्रात तिला नोकरी मिळत होती. मोठेपणी दृष्टी गेलेली माणसं तिथं राहून शिकतात, त्यांना शिकवायचं. हो की नाही, ते आज कळवायचं होतं. अशी नोकरी मिळाली म्हणून खरं तर उड्या मारायच्या. पण ताईचं मन खट्टू होतं. लहानपणी तिला अख्खीच्या अख्खी पुस्तकं वाचून दाखवणारे आप्पा वर्षभरात एक ओळ वाचायला तयार नव्हते. चष्मा सापडत नाही. नंतर बघू. केंद्राचं पत्र आलं तेव्हा म्हणाले, "शेजारणीकडून वाचून घे." आणि वर, "जा एकदाची. माझं काही अडत नाही." ते तिच्या जिव्हारी लागलं. आप्पांना आपला कंटाळा आला, दुसरं काय!

तसे एका बाबतीत ते सुधारले होते. दुकानभर आणि घरभर पसारा घालणारा हा घड्याळजी हल्ली किल्ली न चुकता खिळ्याला लावायचा, डबे ओळीनं ठेवायचा. तिला वाटायचं, तीस वर्षांनी का होईना, माझ्यासाठी शिकले. दुकान तेवढं बंद केलं होतं, हात थरथरतात म्हणून.

ताईनं दुसरा, कॉम्प्युटरच्या आवाजाचा ट्रॅक जोडला. आता दोन्ही एकदम.

"धडा आठवा. घाबरू नका. पडदा विसरा, नुसतं ऐका." हा तर तिचाच आवाज!

"हां... बरं..."

"आता खालचा बाण दाबा."

"आता खाली? गेलो खाली."

मग वटवटबाई बोलली, गोगलगायीच्या चालीनं. एवढी सावकाश ती या घरात कधीच बोलली नव्हती. तरी आप्पा म्हणाले, "अगं, जरा थांब की!"

त्या कॉम्प्युटरला पडदा नव्हताच. मला काय करायचाय म्हणून ताईनं तो दोन वर्षांपूर्वी शेजारणीला देऊन टाकला होता.

तिनं हेडफोन काढला आणि स्वयंपाकघरात गेली. आप्पा भांडी पुसत होते.

"आप्पा, आठव्या धड्यात कुठं अडतं?"

फडका थांबला.

"वेगात," आप्पा म्हणाले. "माणसानं इतकं भरभर बोलू नये."

"कधीपासून दिसत नाही?"

"वर्ष झालं. कडेकडेचं दिसतं अजून. डॉक्टर म्हणतात, तेही जाईल."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर काल बॅग आणली असतीस?"

ताईला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. मग डोळे पुसून त्यांचा हात धरला आणि त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. आप्पांची बोटं न चाचपडता जागच्या जागी जाऊन बसली.

"केंद्राला उत्तर द्यायचंय," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, सोमवारी रुजू होते. सोबत एक विद्यार्थी आणते आहे. हुशार आहे, फक्त वेगात अडतो."