कोळ्यांचा बंदोबस्त

दार ढकलताच सिस्टरच्या नाकात फवाऱ्याचा उग्र वास घुसला. कुस्तीच्या हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी डोळे चुरचुरत होते. पाच-सहा मुली मॅटच्या कडेला बसून खोकत होत्या.

"या सिस्टर, या!" सरांनी शिडीवरूनच हाक दिली. हातात लांब दांड्याचा झाडू, केसांत जळमटं. "एक कोळी शिल्लक ठेवला नाही. दोनदा फवारलं."

सरांची थोरली मुलगी नऊ दिवसांपासून दवाखान्यात होती. मांडीवर वाटाण्याएवढी पुळी आली, तेव्हा सर म्हणाले होते, "कोळी मुतलाय, दुसरं काय!" आणि स्वतःच दाबून पू काढला होता. आता जंतू रक्तात उतरला होता आणि एकेक औषध त्याच्यापुढे हात टेकत होतं.

"सर, कोळी नाही हो," सिस्टर म्हणाली. "जंतू आहे. अंगाला अंग लागून पसरतो, एकमेकांच्या टॉवेलातून पसरतो. सगळं लिहून मी भिंतीवर कागद लावला होता."

"तो होय? काढला. त्याच्याच मागं सगळ्यात मोठं जाळं होतं."

"बाबांनी कोळ्याला कागदासकट जाळलं," धाकटी फिसकन हसली. हसता हसता तिनं कोपर खाजवलं.

सिस्टरनं तिचा हात धरून उजेडाकडे वळवला. कोपराच्या वर लाल, टणक फुगवटा. मधोमध पिवळं टोक. भोवतीची कातडी तापलेली.

"कधीपासून?"

"परवा. फवारायच्या आधीचा आहे," धाकटी घाईनं म्हणाली. "आता नाही येणार."

"हे झाकायचं, दाबायचं नाही. आणि मॅटवर अजिबात उतरायचं नाही. चल, डॉक्टरांना दाखवू."

सर शिडीवरून उतरले. "शनिवारी निवड आहे, सिस्टर. थोरलीच्या जागी ही उतरतेय. ताईला शब्द दिलाय तिनं. घरातल्या एकीनं तरी खेळू दे."

"थोरलीच्या वेळीही तुम्ही..." सिस्टरनं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

सरांचा आवाज एकदम खाली आला. "तेव्हा मला कळलं नाही. मान्य आहे. म्हणून तर तीन दिवस झोपलो नाही, कोपरा न् कोपरा झाडला. तुम्हीच बघा. एक तरी जाळं दाखवा मला."

सिस्टरनं वर पाहिलं. छत लख्ख होतं. तुळयांच्या बेचक्यासुद्धा पुसून काढलेल्या. दाखवण्यासारखं वर काहीच नव्हतं. आणि जे होतं ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं.

"सर, ऐका माझं—"

पण सर वळले होते. खिळ्यावरचा टॉवेल ओढून त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली. मग धाकटीला जवळ घेऊन तिच्या कोपरावरच्या फुगवट्यातून पाझरलेलं पाणी त्याच टॉवेलानं हळुवार टिपलं, जसं लहानपणी तिचं नाक पुसत असतील तसं.

"चला, उठा गं!" म्हणत त्यांनी टॉवेल मुलींकडे फेकला.

सिस्टर "अहो" म्हणेपर्यंत पहिलीनं तो हवेतच झेलला, घाम पुसला आणि शेजारणीच्या हातात दिला.