मिठबावात डफीसाहेब

"डफी पॅरिसला कोणत्या साली गेले?" दाजींनी विचारलं.

"एकोणीसशे एकोणीस, काका," म्हणत किरणने कपाळावरचा घाम पुसला.

मिठबावच्या दाजींची लेक शर्मिला त्याला बायको म्हणून हवी होती. दोघांचं केव्हाच जुळलं होतं. राहिला होता तो बाप. आणि बाप म्हणजे भलताच नग! आधीच्या स्थळाने बसल्या बसल्या रत्नागिरी हापूसची तारीफ केली. झालं! देवगड तालुक्यात तीन पिढ्या आंबा पिकवणाऱ्या दाजींनी त्याला चहाआधीच वाटेला लावलं. त्यात किरण वेंगुर्ल्याचा, आणि त्याला वेंगुर्ल्याच्या आंब्याचा अभिमान दांडगा. तोंडातून कधी काय निसटेल, नेम नाही.

म्हणून शर्मिलाने महिन्यापूर्वी त्याच्या हातात एक वही दिली होती. "बाबांका आयर्लंडच्या गॅव्हन डफीचा वेड आसा. राजकारणी, वकील, परदेशातलो वकिलातवालो, सगळा लिवलंय. तेवढाच बोल. आंब्याचा अक्षर काढू नको."

बिचाऱ्याने काजूच्या कारखान्यात, मशिनच्या खडखडाटात, वही घोकली.

"मग पॅरिसमधून त्यांना का घालवलं?" एरवी अस्सल मालवणी बोलणारे दाजी डफीबद्दल विचारताना पुस्तकी मराठीत शिरले होते. हातातलं वर्तमानपत्र मात्र खाली ठेवत नव्हते.

"उपोषणाला बसलेल्या आयरिश कैद्यासाठी आवाज उठवला म्हणून. मग ते रोमला गेले."

"बरोबर." दाजींनी वर्तमानपत्राची घडी उलटली. "आणि एकवीस सालचा इंग्रजांशी झालेला तह?"

"नाइलाजाने सही केली. पुढे परराष्ट्रमंत्री झाले, आणि वर्ष सरायच्या आत राजीनामाही दिला."

"अहो, पुरे आता!" आतून शर्मिलाची आई सत्यवती ओरडली. "दोघाव दमलात. सोलकढी घेवा."

दाजी उठले. आता आपल्यालाही वाटेला लावणार, असं वाटून किरणही उठला. पण दाजींनी त्याचे दोन्ही हात धरले.

"पोरगी तुमची. साखरपुड्याचो दिवस ठरवया."

किरणला रडूच फुटायचं बाकी होतं. तो पाया पडायला वाकला, तसे दाजी त्याच्या कानाशी आले.

"पण जावयबापू, एक उपकार करा. लगीन झाल्यार ह्या डफीक आमच्या घरात आणू नका. शर्मिलान सांगल्यान, तुमका तेच्याशिवाय दुसरा काय सुचत नाय, म्हणान ह्या वयात मी महिनोभर पाठांतर करतंय!"