केला आणि केला होता

व्हिक्टर रशियनमध्ये बोलला. रत्नप्रभाबाईंनी ते मराठीत सांगितलं, अमृताने मराठीतून इंडोनेशियनमध्ये, आणि मग हार्तोनोसाहेबांनी मान डोलावली. सकाळपासून हे असंच चाललं होतं.

सोनागिरीच्या पुढच्या एका खासगी कारखान्यात वाफेवर चालणारा एक मोठा पंप तयार झाला होता. आराखडा रशियन व्हिक्टरचा, घेणारे इंडोनेशियाचे हार्तोनोसाहेब. आज चाचणी. दोन्ही पाहुण्यांचं इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’पाशी संपत होतं. अमृता कारखान्यातच नोकरीला. वडिलांच्या बदलीमुळे तिची सगळी शाळा सुराबायात झालेली, त्यामुळे इंडोनेशियनची चिंता नव्हती. रशियनसाठी दिल्लीहून येणारा दुभाषी मात्र तापाने आडवा झाला, तेव्हा तीच मॅनेजरला म्हणाली, "माझ्या सासूबाई येतील." रत्नप्रभाबाई रशियन कागदांची भाषांतरं करूनच निवृत्त झाल्या होत्या.

मॅनेजर सत्यजितला हे फारसं पटलं नव्हतं. "आंटीजी, बीच में इंग्लिश रखते तो हम भी समझ लेते," तो दोनदा म्हणून गेला.

"हिला माझी मराठी कळते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तेवढं पुरे."

चहाच्या वेळी त्या सुनेकडे वळल्या. "रशियनला सहा विभक्त्या आहेत, तीन लिंगं आहेत. क्रियापदं तर प्रत्येक अर्थाची दोन-दोन पाठ करावी लागतात. तुझ्या इंडोनेशियनला काय आहे गं?"

"काही नाही, आई. लिंग नाही, विभक्ती नाही. क्रियापदाला काळसुद्धा नाही. अनेकवचन हवं असेल तर शब्द दोनदा म्हणायचा. ओरांग म्हणजे माणूस, ओरांग-ओरांग म्हणजे माणसं."

"भाषा आहे की अंगाईगीत?"

अमृता हसली, पण तिला ते लागलं. "काम झालं असेल तर सुदाह म्हणतात, व्हायचं असेल तर बेलुम. त्यांचं काही अडत नाही."

"सोपी आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

दुपारी पंप सुरू करायची वेळ आली. हार्तोनोसाहेब बटणापाशी उभे राहिले. व्हिक्टर समोरच्या दाबाच्या काट्यावर नजर लावून होता. पंपाच्या मागे दोन फिटर अजून पुसापुशी करत होते. त्यांच्या छातीच्या उंचीवर वाफ बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह होता. हार्तोनोसाहेबांनी काहीतरी विचारलं.

"मागचा व्हॉल्व्ह बंद केला का, विचारतायत," अमृता म्हणाली.

रत्नप्रभाबाईंनी रशियनमध्ये विचारलं. काट्यावरची नजर न काढता व्हिक्टरने एका शब्दात उत्तर दिलं, "झाक्रिवाल."

सकाळपासून बंद करण्याचा हा शब्द इतक्यांदा कानावर पडला होता की अमृता सासूबाईंसाठी थांबलीच नाही. हार्तोनोसाहेबांकडे वळून ती म्हणाली, "सुदा..."

रत्नप्रभाबाईंनी तिचं मनगट धरलं. "थांब. त्यांना म्हणावं, हात काढा."

अमृता ओरडली. हार्तोनोसाहेबांचं बोट बटणावरून मागे आलं.

"क्या हुआ?" सत्यजित पुढे आला. "क्लोज्ड बोला ना उसने? क्लोज्ड तो क्लोज्ड है!"

"बंद केला, असं तो म्हणाला नाहीये," रत्नप्रभाबाई त्याच्याकडे न बघता सुनेला म्हणाल्या. "बंद केला होता, असं म्हणाला."

अमृताने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. केला. केला होता. तिचा चेहरा उतरला. "मग आत्ता?"

"तेच विचारते." त्या व्हिक्टरच्या आणि काट्याच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "झाक्रील इली झाक्रिवाल?" केला, की केला होता?

व्हिक्टरने पंपाच्या मागे पाहिलं. मग कपाळावर हात मारला आणि भराभर बोलू लागला. सकाळी त्याने व्हॉल्व्ह बंद केला होता. जेवणाआधी आतलं पाणी काढायला त्यानेच पुन्हा उघडला. त्यानंतर तो तसाच राहिला होता.

"उघडाच आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि पुढचं ऐकायला अमृता थांबली नाही. "बेलुम!" ती म्हणाली.

तेवढा एक शब्द पुरला. हार्तोनोसाहेब धावत मागे गेले, दोन्ही फिटरांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने फिरवून घट्ट बंद केला.

अर्ध्या तासाने पंप सुरू झाला आणि एका लयीत घुमत राहिला. ज्या जागी फिटर उभे होते तिकडे सत्यजित बराच वेळ पाहत होता. मग त्याने रत्नप्रभाबाईंसाठी स्वतः खुर्ची आणून ठेवली. त्या बसल्या नाहीत.

"मला हे सांगायला रशियनमध्ये पाच वाक्यं लागली असती," त्या अमृताला म्हणाल्या. "तू एका शब्दात माणसं हलवलीस. चांगली भाषा आहे तुझी."

अमृता म्हणाली, "तुम्ही हात धरला नसता तर, आई..."

"धरला ना."

व्हिक्टर हातरुमालाने मान पुसत जवळ आला आणि त्याने काहीतरी विचारलं. रत्नप्रभाबाईंचा ताठ कणा आणखी ताठ झाला. "विचारतोय, तुम्ही दोघी मधे कुठल्या भाषेत बोलता?"

"हार्तोनोसाहेबही मघाशी हेच विचारत होते," अमृता म्हणाली.

"मराठी," रत्नप्रभाबाईंनी दोघांना एकदमच सांगितलं.

"मराती," व्हिक्टर म्हणाला.

"मराती," हार्तोनोसाहेब म्हणाले.

"ती नाही. ठी." त्या पुढे झाल्या आणि जीभ टाळूला कशी लावायची ते त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

घुमणाऱ्या पंपाशेजारी, डोक्यावरच्या पिवळ्या हेल्मेटसकट, ते दोन मोठे इंजिनिअर तोंडं उघडून जीभ वर लावू लागले.

"पुन्हा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.