जांभळा अंगठा

"बाबा, तळाशी हा डागाळलेला कागद आहे, टाकू?" मिनेसोटातलं घर आवरताना मुलीनं खणात डोकावत विचारलं. कागदावरचा जांभळा ठसा फिकटला होता, पण आर्विडला कॉलेजातली जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा लख्ख दिसली. कागदावर अमिनो आम्लांचे ठिपके पाडून ती ओळखायची होती. प्रयोगातली जोडीदारीण सॉलवेगनं कागद उघड्या हातानं उचलला. बोटांच्या घामातही अमिनो आम्लं असतात; औषध फवारून तापवल्यावर ठिपक्यांच्या ऐन मधोमध तिचाच अंगठा जांभळा उमटला. "अगं बये, हातमोजे घालायला काय झालं होतं? प्रयोगाची माती केलीस!" तो कडाडला. ती खळखळून हसली, "आम्लं राहू दे रे, एवढा ठसा ओळखलास तरी पुष्कळ!" त्या प्रयोगात दोघंही नापास झाली, पुढं लग्न करून जन्मभर त्यावरून भांडली. मागच्या हिवाळ्यात ती गेली. मुलीनं कागदाकडे हात नेला तसा आर्विड पूर्वीसारखाच कडाडला, "हातमोजे घाल आधी!"