अडणारं दार

"रस्ता थोडा पलीकडे सरकवा, एवढंच म्हणतोय," सुतार म्हणाला. सुनावणीत तो तिसऱ्यांदा उभा राहिला होता.

भिंतीवर नव्या महामार्गाचा नकाशा होता. तांबडी रेघ शाळेचं मैदान चुकवून वळली होती आणि सुताराच्या आणि शेजारच्या घरांवरून सरळ गेली होती. मैदानासाठी सगळी वस्ती बोलली होती. घरासाठी तो एकटा.

"घर तुमच्या पत्नीच्या नावावर आहे," भूसंपादन अधिकारी बाई म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं काय?"

"माझं तेच तिचं."

"काका, घरी हे उलटं असतं!" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं.

सुतार हसला नाही. "ती हॉस्पिटलात आहे, मॅडम. खुब्याचं हाड मोडलंय. डोळे तर कधीचेच गेलेत. ते घर ती हातांनी ओळखते. घर जातंय हे कळलं, तर ती तिथून परत यायची नाही. तिला यातलं काही माहीत नाही, आणि कळता कामा नये."

अधिकारी बाईंनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं.

रेघ जागची हलली नाही.

बदल्यात घरं मिळाली ती नव्या वसाहतीत. शेजाऱ्यांच्या नशिबी जिने आले. सुताराला तळमजला मिळाला, शिवाय पूर्वेला खिडकी, जुन्या घराला होती तशीच. "एवढं तरी नशीब," किल्ली घेताना तो म्हणाला. अधिकारी बाईंनी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

बुलडोझर यायच्या आधी त्याने उंबरठा उखडला, दार चौकटीसकट काढलं, खुंट्या उपटल्या. नव्या घरात सगळं जिथल्या तिथे बसवलं. मधोमध झिजलेल्या उंबरठ्यापासून खाट तिच्या पावलांनी मोजून ठेवली. रुग्णवाहिकेच्या चालकाला त्याने उगाच दोन वळणं जास्त घ्यायला लावली.

बायको खाटेवर टेकली. त्याने दार लावलं, आणि चूक त्याच्या ध्यानात आली.

दार अडलं नाही. लग्नापासून ते दार खाली घासायचं, कुरकुरायचं. सुताराच्या घरचं दार म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. नव्या जागी बसवताना त्याच्या हाताने सवयीने रंधा मारला होता. सगळं सांभाळलं आणि तेवढं मात्र दुरुस्त केलं.

"अहो, दार?" तिने विचारलं.

"रंधा मारला. तू... तू म्हणत होतीस ना."

"जन्मभर म्हणत होते! मी मरायला टेकले तेव्हा मुहूर्त लागला होय?"

तो हसला. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

सकाळी ऊन तिच्या तोंडावर आलं. "पूर्वेची खिडकी ना हो?"

"मग? ती कुठे जातेय?"

"तेच म्हटलं," ती म्हणाली. "ती कुठे जातेय." आणि भिंतीवरून हात फिरवत राहिली.

थंडी सरता सरता ती झोपेतच गेली.

अधिकारी बाई भेटायला आल्या. सुताराने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उंबरठ्यावर बसला.

"शेवटपर्यंत तिला कळलं नाही, मॅडम. स्वतःच्याच घरात गेली. पण अख्ख्या संसारात तिच्याशी एकदाच खोटं बोललो, आणि नेमकं घराबद्दल. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही."

अधिकारी बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"काका, मालकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय मला घर घेता येत नाही. मी हॉस्पिटलात गेले होते. त्यांनी लगेच संमती दिली. अट एकच घातली. तळमजला हवा आणि खिडकी पूर्वेलाच हवी. म्हणाल्या, ह्यांना परकं वाटायला नको. आणि मला सगळं ठाऊक आहे, हे ह्यांना कळता कामा नये."