मामाच्या हिरड्या

आमच्या डेंटल कॉलेजात प्रॅक्टिकलला पेशंट ज्याचा त्यानेच आणायचा. मला हिरड्यांचा आजार ओळखून, परीक्षकांसमोर उपचार करून दाखवायचे होते. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांसाठी मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना आ करायला लावला आणि शेवटी घरातच घबाड सापडलं. मामा! "बाकी काही नको, फक्त वेळेवर ये," असं मी त्याला येता-जाता बजावत होते.

परीक्षेला मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. परीक्षक वाकले, मामाने ऐटीत आ केला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली.



"अगं, बघतेस काय? चारचौघांत भाचीची मान खाली जायला नको, म्हणून गेल्याच आठवड्यात सगळे उपचार करून घेतले!"