निकालाच्या दिवशी जहाजावर

खोलीला बाल्कनी नव्हती आणि खिडकीसुद्धा नव्हती. ते बघून महामायाचा जीव भांड्यात पडला.

चेन्नईहून सुटलेलं जहाज, दोन रात्रींची सहल आणि नवरा-बायको-लेक अशी तिघं एका खोलीत. लातूरला त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कहकशांभाभी गेल्या साली घरच्यांसोबत अशाच जहाजावर जाऊन आल्या होत्या. निघायच्या आधी त्यांनी महामायाला समोर बसवून सगळं शिकवलं. खोली मधल्या भागात अन् खालच्या मजल्यावर घ्या, हेलकावे कमी लागतात. मोठ्या बॅगा खोलीत उशिरा येतात, तेव्हा औषधं आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. आल्याच्या वड्या घ्या, एसीसाठी स्वेटर घ्या. जेवण तिकिटातच आहे म्हणून पहिल्याच दिवशी ताटावर तुटून पडू नका. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "घरचे सगळे गेलात तरी दिवसभर एकमेकांच्या बोकांडी बसू नका. ज्याला जिथं फिरायचं तिथं फिरू द्या. मजा त्यातच हाय."

महामायानं सगळं मनावर घेतलं. हे शेवटचं तेवढं सोडून.

कारण दुसऱ्या दिवशी डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल होता. एकुलती लेक उत्पला दुसऱ्यांदा बसली होती. क्लाससाठी दोन वर्षं मायलेकी लातुरात भाड्याच्या खोलीत राहिल्या. नवरा सुगत जळकोटला पंचायत समितीत नोकरीला, तो शनिवारी यायचा. गेल्या साली निकालानंतर मागच्या गल्लीतल्या वसतिगृहातली एक पोरगी गेली. कशी गेली ते कुणी मोठ्यानं बोललं नाही. तेव्हापासून निकाल म्हटलं की महामायाला तीच पोरगी आठवायची.

म्हणून उत्पला एकदा सहज म्हणाली की निकालाच्या वेळेला जहाजावर जाऊ, तिथं फोनबी लागत न्हाई, तेव्हा महामायानं तो शब्द वरच्या वर झेलला. चौकातले गुणवंतांचे फलक नकोत, नातेवाइकांच्या चौकशा नकोत. तिकिटं काढायला बसली आणि मग बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. जहाजाला चहूबाजूंनी कठडा आणि कठड्यापलीकडं नुसतं पाणी! म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. बाल्कनीची खोली नको हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगावं, तर तीच म्हणाली, आतली बरी. नशीबच म्हणायचं.

जहाजावर चढताचढता तिनं सुगतला बाजूला घेऊन बजावलं, पोरीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, आळीपाळीनं. सुगत "हाव" म्हणाला आणि चष्मा पुसत राहिला. या माणसाला कशाचं काही गांभीर्यच नाही, असं तिला वाटलं आणि रागही आला.

पण खरं सांगायचं तर उत्पलानं काही त्रास दिला नाही. तरणतलावात उतरली नाही, आईशेजारीच खुर्ची टाकून बसली. महामाया चहा आणायला उठली की लेकही उठायची. महामायानं पाणी बघायला कठडा गाठला की लेक येऊन तिचा दंड घट्ट धरायची. घाबरलंय लेकरू, असं म्हणून आई तिच्या पाठीवरून हात फिरवायची. खोलीत मात्र पोरीनं दाराजवळचा बिछाना धरला आणि काही केल्या सोडला नाही. तो महामायाला हवा होता. मग काय, रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा नाही.

महामायाचा जीव या निकालात उगाच नव्हता अडकला. किल्लारीच्या भूकंपात ती नऊ वर्षांची, भिंतीखालून जिवंत निघालेली. दोन भाऊ तिथंच गेले. तू उगाच न्हाई वाचलीस, काहीतरी मोठं करशील, असं जो तो म्हणायचा. मदतीच्या तंबूतल्या डॉक्टरीणबाईंना बघून तिनंही डॉक्टर व्हायचं ठरवून टाकलं होतं. पण दहावी झाली आणि लग्न झालं. मग आपलं ते जिवंत वाचणं तिनं लेकीच्या नावावर केलं. गेल्या साली लेकीचा नंबर लागला नाही तेव्हा महामायानं कितीतरी दिवस अन्नाला हात लावला नव्हता. गच्चीच्या कट्ट्यावर एकटीच वारा खात बसायची. सुगतनं हाताला धरून खाली आणली होती. आईचं काळीज, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. दूरवर किनाऱ्याची रेघ दिसायला लागली. म्हणजे आता रेंज येणार. उत्पलाचा फोन बंद करून महामायानं आपल्या पिशवीत ठेवला होता, तरी तिचा स्वतःचाच हात सारखा पिशवीकडं जात होता. मन चिंती ते वैरी न चिंती.

शेवटी तिला राहवलं नाही. "खरं सांग, तुला भ्या वाटून राहिलंय का?"

"न्हाई," उत्पला म्हणाली. "तुला?"

"मला कशाचं भ्या?"

उत्पला उठली. तिनं आईच्या पायांवर शाल टाकली. रात्रीचं जागरण, त्यात समुद्राचा गार वारा. महामायाचा डोळा कधी लागला ते तिचं तिलाच कळलं नाही.

जाग आली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. तिची नजर थेट कठड्याकडं गेली. ती हाक मारणार होती. आणि तेवढ्यात पाठीमागून, अगदी जवळून, लेकीचा हळू आवाज आला. ती बापाशी बोलत होती.

"तुमच्या फोनवर बघितला मी निकाल. न्हाई लागला नंबर. वाईट वाटलं, रडून घेतलं, झालं. माझी काळजी करू नका, बाबा. पण आईला घरी पोचेपर्यंत कळू द्यायचं न्हाई." तिनं नाक ओढलं. "आता तुमची पाळी. मी तोंड धुऊन येते, तवर तिला कठड्याकडं एकटी जाऊ देऊ नका."